रिकामं कांडप

तळेवाडीत जनारोग्य म्हणजे नेमकं काय हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं, पण प्रांजल शिंत्रेनं ते कुठं शिकावं याविषयी मात्र अख्ख्या गावाचं मत ठरलेलं होतं. डेअरीच्या रांगेत बंगळुरू. सोसायटीच्या कट्ट्यावरही बंगळुरूच, कारण तिथली हवा थंड आणि माणसं शिस्तीची. एका आजोबांनी तर तिला वाटेत थांबवून विचारलं, "संडास बांधायचं शिकायला एवढ्या लांब कशाला जातीस गं? आमचा जावई बांधतोय की."

सगळ्यांत ठाम मत शालनआत्याचं. प्रांजल चार वर्षांची असताना तिची आई गेली, वडिलांनी पुण्यात दुसरा संसार मांडला, आणि तेव्हापासून या आत्यानंच तिला वाढवलं. शालन स्वतः लग्नानंतर दीड वर्षात माहेरी परत आलेली. का, हे विचारायची गावात कुणाची छाती नव्हती. गावाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये तिचं मिरची कांडप होतं. एक मोटर, चार लोखंडी मुसळं, खाली चार उखळं. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत आसपासच्या पंधरा गावांची वर्षाची चटणी तिथं कुटली जायची आणि शेडच्या शंभर पावलांत आलेला माणूस शिंकल्याशिवाय पुढं जात नसे.

"बंगळुरूला जायचं. विषय संपला," आत्या म्हणायची. "मी सांगतो तुला, तिथं तुझं सोनं होईल." आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, आणि शालनआत्या तर ते जरा जास्तच रुबाबात बोलायची.

२०३९ सालच्या श्रावणात प्रांजलच्या हातात दोन पत्रं होती. एक बंगळुरूच्या आरोग्य-संगणन संस्थेचं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पूर्ण शिष्यवृत्ती, आणि पहिल्या दिवसापासून देशभरातल्या साथी डोळ्यांसमोरच्या पडद्यावर हलताना बघायच्या. दुसरं गारगोटीच्या लोकआरोग्य विद्यालयाचं. तिथं पहिले सहा महिने संगणकाला हातच लावायचा नाही. अनोळखी गावात राहायचं, रोज वेगळ्या घरी जेवायचं, आपण होऊन काही विचारायचं नाही, आणि लोक जे बोलतील ते रोज लिहून काढायचं.

ते वाचून आत्या पोट धरून हसली. "म्हणजे एवढी शिकलीस ती माधुकरी मागायला व्हय?"

प्रांजललाही हसू आलं होतं. शिवाय गारगोटीची मुलाखत तिला खटकली होती. तिथल्या प्रमुख डॉ. फिलोमिना बार्देस्कर, साठीच्या, आजऱ्याकडच्या. त्यांनी तिचे कागद चाळले आणि एवढंच विचारलं, "अकरा हजार खोकले ऐकलेस म्हणतेस. त्यातल्या किती माणसांशी बोललीस?"

"त्याची गरज नव्हती, मॅडम," प्रांजल म्हणाली होती. मॅडमनी मान हलवली आणि चहा मागवला. दहा मिनिटांत मुलाखत आटोपली. तरी प्रवेश का दिला, हे प्रांजलला कळलं नव्हतं.

आता हे अकरा हजार खोकले काय प्रकरण आहे ते सांगायला हवं.

क्षयरोग हटवायच्या मोहिमेत चार वर्षांपूर्वी गावोगाव एक पेटी बसली. आकारानं जेवणाच्या डब्याएवढी. सरकारी नाव लांबलचक होतं, लोक तिला 'कान' म्हणत. रेशन दुकानात एक कान, एसटी थांब्यावर एक, शाळेत, देवळाच्या मंडपात, आणि जिथं दिवसभर माणसांचा राबता असतो तिथं. भिंतीला कान असतात ही म्हण तळेवाडीनं चार वर्षांत पुरेपूर वापरून घेतली.

खोकला म्हणजे अर्ध्या सेकंदाचा स्फोट. छातीत कोंडलेली हवा एकदम सुटते, नळ्यांमधून घासत वर येते आणि घशाशी आवाज होऊन बाहेर पडते. क्षयाच्या जंतूंनी फुप्फुस पोखरलं, नळ्या सुजल्या, की ती हवा वेगळ्या वाटेनं येते आणि आवाजाचं अंग बदलतं. माणसाच्या कानाला हा फरक कळत नाही. पेटी मात्र त्या आवाजाचं चित्र करते आणि लाखो जुन्या चित्रांशी ताडून बघते. क्षय असेल तर थुंकीच्या तपासणीत दिसायच्या दोन महिने आधी सांगते. एवढ्यावरच ती थांबत नाही. खोकलाही बोलण्याच्या आवाजासारखाच ज्याचा त्याचा असतो, त्यामुळं कोण खोकलं तेही ती ओळखते. आणि मग दुसऱ्या दिवशी दारात पांढरी गाडी उभी राहते.

यंत्र चांगलं होतं, यात वाद नाही. पहिल्या दोन वर्षांत जिल्ह्यात क्षयाचे मृत्यू निम्म्यावर आले. पण तळेवाडीत फाल्गुन उजाडला आणि पेटी वेडी झाली. घरोघरी मिरच्या भाजल्या जात होत्या, कांडप सुरू होतं, जो तो ठसकत होता आणि पेटी दिवसाला तीनशे माणसांना क्षय झाल्याचं कळवत होती. पांढऱ्या गाड्यांची वरातच लागली.

शेवटी गेल्या वर्षी बंगळुरूच्या संस्थेनं ठरवलं की यंत्राला मिरचीचा ठसका वेगळा ओळखायला शिकवायचं. त्यासाठी आधी कुणीतरी माणसानं बसून प्रत्येक आवाजाला नाव द्यायला हवं होतं. प्रांजल नुकतीच गडहिंग्लजला सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी झाली होती. चार महिने ती कानाला यंत्र लावून बसली. अकरा हजार आवाज. हा खोकला, हा ठसका, हा ठसका, हा खोकला. त्यातून तयार झालेल्या गाळणीला संस्थेनं नावच दिलं 'तळेवाडी गाळणी'. ती इतकी नामी चालली की पेटीची बोंब एका फटक्यात थांबली. प्रांजलचा फोटो गडहिंग्लजच्या पेपरात आला, घरबसल्या आवाज ओळखायचं काम पुढंही तिच्याकडंच राहिलं आणि बंगळुरूची जागाही त्या गाळणीच्याच पुण्याईनं मिळाली.

त्या दिवसांत ती आनंदानं आत्याला सांगायची, "तुझ्या कांडपात आता पेटी बहिरी झालीय बघ. मुसळांचा आवाज आला की ती समजते, हा ठसकाच. तिथं कुणी कितीही खोकूदे."

"असं व्हय," आत्या म्हणाली होती.

बंगळुरूला पुढच्या शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. त्याच्या आदल्या रविवारी प्रांजल गडहिंग्लजहून बॅग घेऊन आली. चाकांची, निळी, आत्याला दाखवायची म्हणून घरी न टाकता तशीच ओढत कांडपाकडं निघाली. लांबूनच मुसळांचा धप्‌ धप्‌ आवाज येत होता. तिला बरं वाटलं आणि दहा पावलांनी ती थबकली. श्रावणात कसलं कांडप? मिरचीचा हंगाम सरून तीन महिने झाले होते. शेडपाशी आली तरी तिला शिंक आली नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही.

तिनं दार ढकललं. चारी मुसळं रिकाम्या उखळांत पडत होती. खाली मिरची नाही, मसाला नाही, नुसतं लोखंडावर लोखंड. आणि भिंतीकडेनं पोत्यांवर सातआठ बायका बसल्या होत्या. पदर तोंडाला लावून त्या खोकत होत्या. मनसोक्त, घाई न करता, दिवसभर दाबून धरलेलं एकदाचं मोकळं करावं तशा. त्यांच्यात, मोटरीच्या बटणाशेजारी, शालनआत्या भिंतीला टेकून खोकत होती. खोकून झाल्यावर तिनं पदराकडं बघितलं आणि पदर घाईनं मिटला.

वर, तुळईला, पेटीचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

बायका उठल्या, पदर सावरत एकेक निघून गेल्या. प्रांजलनं मोटर बंद केली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"कांडप व्हय? होळीपासनं. तू दुपारी कानाला यंत्र लावून बसलीस की तासभर नुसतंच चालवतो."

"कांडप नाही विचारलं मी. तुझा खोकला कधीपासून?"

आत्यानं पदर मुठीत आवळला. प्रांजलनं तिचा पदर हातात घेऊन उलगडला. गुलाबी डाग होता, रुपयाएवढा. तिनं अकरा हजार खोकले ऐकले होते, पण खोकल्यामागचं माणूस ती आज पहिल्यांदा बघत होती, आणि ते माणूस तिची आत्या होती.

"तीन महिने झाले असतील," आत्या म्हणाली. "आणि ओरडू नगंस. ओरडलीस की तुझ्या आईसारखी दिसतीस."

"का लपवलंस? मी घरात असताना? मी हेच काम करते ना गं!"

"तू सांगितलंस म्हणूनच लपवता आलं की." आत्या हे टोचायला बोलली नव्हती, साधं खरं सांगत होती. "तू म्हणालीस हितं पेटी बहिरी हाय. मी मैतरणीला, हौसाला बोललो. हौसानं कुणाला सांगितलं. नेसरीच्या त्या पोरीचं बघितलंस न्हवं? गाडी दारात आली, चार दिवसांत सोयरीक मोडली, नि पोरगी बरी होऊनबी घरातच बसलीया. बायका घाबरल्यात गं. घरात खोकायचं न्हाई, रेशनला खोकायचं न्हाई, देवळात न्हाई. माणसानं खोकायचं तरी कुठं? म्हटलं, या माझ्याकडं."

प्रांजल पोत्यावर बसली. सगळं तिच्या ध्यानात आलं, आणि तिची चूकही. कांडपातले आवाज तिच्या कानात आले की मागं मुसळांची धपधप असायची. ती ऐकली की पुढचं ऐकायचीच कशाला? मिरची कांडपात माणूस ठसकणार नाही तर काय भजन म्हणणार! डोळे झाकून ठसका, ठसका, ठसका असं लिहीत गेली. कांडपातले एकूण एक आवाज. ही चूक मिरचीच्या गावातल्या माणसानंच करावी अशी होती, परक्यानं निदान ऐकून तरी बघितलं असतं. आणि यंत्र शिकवणाऱ्यापेक्षा शहाणं नसतं. त्याला ठसक्याची ओळख पटलीच नव्हती. त्यानं मुसळं ओळखायला शिकून घेतली होती. धपधप आली की कान मिटायचे, एवढंच ते शिकलं होतं.

त्यात हे बंद शेड. खिडकी एकच, तीही मिरचीची पूड उडू नये म्हणून पत्र्यानं बंद केलेली. ज्या बायकांना साधा खोकला होता त्याही इथं येऊन बसल्या होत्या, तासतासभर, खऱ्या रोग्यांच्या मांडीला मांडी लावून. आत्याला हा रोग कुठून आला हे विचारायची गरजच नव्हती.

"कोणकोण येतं, आत्या? नावं सांग मला."

"ते न्हाई सांगणार."

"अगं, त्यांना औषध नको का?"

"शब्द दिलाय मी. मरूस्तवर न्हाई सांगणार." आणि मग हळूच म्हणाली, "तुला कळलं असतं तर तू बंगळुरूला गेली असतीस? खरं सांग."

प्रांजल पुढं सरकली. ती आत्याच्या गळ्यात पडायला गेली तर आत्यानं हात लांब करून तिला थोपवलं. "लांब बस. लागंल तुला." तेव्हा मात्र प्रांजलला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी थुंकी तपासली. क्षयच होता, पण साध्या औषधांना दाद देणारा. नव्या गोळ्या चार महिन्यांच्या, आणि आठवड्याभरात दुसऱ्याला लागण होणं थांबतं, असं दवाखान्यातल्या सिस्टरनी सांगितलं. प्रांजलनं कांडपाच्या शेडला कुलूप घातलं. आत्यानं किल्ली मुकाट्यानं दिली, नावं मात्र दिली नाहीत.

खरं सांगायचं तर त्या दिवशी प्रांजलच्या मनात पाप येऊन गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्याला औषध सुरू झालंय, शेड बंद आहे, शुक्रवारी होकार कळवायचा आणि जायचं. पण ती गाळणी पुढच्या महिन्यात सात राज्यांत बसणार होती. मिरचीची कांडपं काय फक्त तळेवाडीतच होती? एवढं मनात आल्यावर तिला जेवण गेलं नाही. मंगळवारी सकाळी तिनं बंगळुरूला फोन लावला.

डॉ. कुलगोड संस्थेचे विभागप्रमुख. मूळचे बेळगावचे, त्यामुळं तिच्याशी मराठीत बोलत. तिनं सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. आता जागा गेली, असं तिनं धरलंच होतं.

"प्रांजल," ते म्हणाले, "आमच्याकडं बारा संशोधक आहेत. एकाच्याही हे लक्षात आलं नाही. तुझी चूक आहेच, पण तू आवाजांना दिलेली नावं आम्हीही तपासली नाहीत. तू ये. तूच ही गाळणी दुरुस्त करायची."

तिला केवढं हलकं वाटलं! "आणि सर, इथल्या बायका?"

"त्याची काळजी नको. पेटीत वर्षाचे आवाज साठवलेले असतात. मुसळांचा आवाज वजा करून सगळे पुन्हा तपासू. पुढच्या बुधवारी नवी गाळणी चालू होईल, गुरुवारी सगळ्यांची नावं मिळतील."

"म्हणजे गुरुवारी गाड्या येतील."

"हो. एकही सुटणार नाही."

"सर, त्या गाड्यांना घाबरूनच त्या तिथं लपल्या होत्या. आता कांडपात कान उघडला तर त्या आणखी कुठंतरी जातील. पंपाच्या खोलीत, ओढ्यावर."

"मग तिथंही पेटी बसवू," कुलगोड म्हणाले. ते दुष्टपणानं बोलत नव्हते. त्यांना खरोखर एकही माणूस मरायला नको होता. "थोडं थांबवा म्हणशील, तर ते माझ्या हातात नाही गं. एकेक दिवस म्हणजे नवी लागण, हे तूच मला आत्ता सांगितलंस."

हे खोडता येईना. ते बरोबरच बोलत होते, आणि तरी गुरुवारी एकाच सकाळी तळेवाडीच्या दारादारांत उभ्या राहिलेल्या गाड्या तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

त्याच दुपारी ती एसटीनं गारगोटीला गेली. बार्देस्कर मॅडम विद्यालयाच्या मागं परसात शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी तिच्यापुढंही सूप सरकवलं. निवडता निवडता प्रांजलनं सगळं सांगितलं.

"माणसं लपतात ती का लपतात, याचं उत्तर इथं मिळेल का मॅडम?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तीस वर्षं मी शोधतेय. थोडं थोडं हाती लागतं, पुढच्या गावात ते चुकीचं ठरतं. बंगळुरू चांगली जागा आहे, पोरी. त्यांच्या पेटीनं जेवढी माणसं वाचवली तेवढी मी सात जन्मांत वाचवणार नाही. माझ्याकडं तुला द्यायला फारसं काही नाही, हे आधीच सांगते."

"मग माझ्यासारखीला प्रवेश का दिलात? मी एकाही माणसाशी बोलले नव्हते."

"गरज नव्हती म्हणालीस ना, तेव्हा खोटं बोलली नाहीस. एखादीनं दहाबारा माणसांची नावं घडाघडा रचून सांगितली असती." मॅडमनी एक शेंग फोडून तिच्या हातावर ठेवली. "तू त्या बायकांची नावं मिळवायच्या मागं लागली आहेस. ती नावं ना तुझी, ना पेटीची. ज्यांची आहेत त्यांनी दिली तरच घे. त्यांनी आपल्या पायांनी दवाखाना गाठला तर गाडी यायचं कारणच उरत नाही. एवढंच मला कळतं."

बुधवार, गुरुवार प्रांजलनं तळमळत काढले. तिला बंगळुरूला जायचं होतं, हे लपवण्यात काय अर्थ आहे? तो मोठा पडदा, ती हुशार माणसं, त्यांनी चूक पोटात घालून दिलेला मान. गारगोटीत काय, तर शेंगा. पण मनात सारखं तेच येत होतं, की बंगळुरूला ती लपायच्या जागा शोधून बंद करायला शिकेल आणि त्यात ती पटाईतही होईल. पोत्यावर बसून खोकणाऱ्या बायकांपुढं रविवारी तिला एक शब्द बोलता आला नव्हता. त्या तिच्या समोरून निघून गेल्या होत्या, आणि ती मोटरीचं बटण शोधत होती.

शुक्रवारी सकाळी तिनं आत्याला चहा दिला, गोळ्या दिल्या आणि सांगून टाकलं, "मी बंगळुरूला नाही म्हणून कळवलंय. गारगोटीला जाणार."

आत्यानं कप खाली ठेवला. अंगणात दोघी चार हातांवर बसल्या होत्या, आत्याच्या तोंडाला मास्क. तरी तिचा चेहरा कसा झाला असेल ते प्रांजलला दिसलं.

"माझ्यासाठी ऱ्हायलीस."

"नाही."

"खोटं बोलू नगंस! गारगोटी तासाभरावर म्हणून घेतलीस. अगं, तीन महिने मी खोकला गिळला. रात्रभर उशी तोंडात घालून पडलो. कशासाठी? तू जावंस म्हणून. आता तू न्हाईच गेलीस तर माझं गिळणं सगळं वाया गेलं की गं!"

तिचा आवाज फाटला. प्रांजलनं आत्याला एवढं दुखावलेलं कधी बघितलं नव्हतं.

"आत्या, ऐक. तू चार महिन्यांत बरी होणार आहेस. तुझ्यासाठी थांबायचं असतं तर सरळ सांगितलं असतं, मी काय तुला भिते?" तिलाही बोलताना धाप लागत होती. "तू माझ्या शेजारच्या खोलीत उशी तोंडात घालून पडलीस आणि मी कानाला यंत्र लावून खोकले ओळखत बसले होते. मला तुझा खोकला ऐकू आला नाही. ही माझी लायकी! कुलगोड सर मला यंत्र दुरुस्त करायला शिकवतील. पण तू मला का सांगितलं नाहीस, हौसाकाकूला सांगावंसं वाटलं आणि मला नाही, हे दुरुस्त करायला मला शिकायचंय. जमेल की नाही ते माहीत नाही. गारगोटीच्या मॅडमनाही नीट जमलेलं नाही."

"मग कशाला जातीस तिथं मरायला?"

"तिथं निदान जमत नाही म्हणून सांगतात."

आत्या उठून आत गेली. दार लावून घेतलं. दुपारी जेवली नाही. शनिवारीही बोलली नाही. प्रांजलनं ताट ठेवावं, आत्यानं ते तोंड फिरवून घ्यावं, असं चाललं. रविवारी प्रांजल हौसाकाकूंच्या दारापर्यंत जाऊन परत आली. त्या बायकांत बसलेली आणखी तीनचार तोंडं तिनं ओळखली होती, पण नावं मागायची नाहीत आणि आपण घ्यायचीही नाहीत, हे तिनं स्वतःला बजावलं होतं. पण बुधवार जवळ येत होता आणि तिच्या जिवाला घोर लागला होता.

सोमवारी सकाळी ती अंगण झाडत होती. आत्या बाहेर आली. पायरीवर बसली. चौथ्या दिवशी तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला.

"त्या गाड्या कधी येणार म्हणालीस?"

"गुरुवारी."

"आणि बाई आपणहून दवाखान्यात गेली तर?"

"तर गाडी येत नाही. सिस्टर गोळ्या देतात, घरच्यासारखी चौकशी करतात. कुणाला कळत नाही."

आत्यानं मान डोलावली. मग म्हणाली, "तुला का सांगितलं न्हाई म्हणून विचारलंस. तू विचारलंच न्हाईस कधी. यंत्राचं सांगायचीस, पेपरातल्या फोटूचं सांगायचीस. 'आत्या, तुला काय होतंय का गं' असं एकदा तरी म्हणालीस? म्हणाली असतीस तर तिथंच सांगितलं असतं मी. किती वाट बघितली मी त्याची."

प्रांजलच्या हातातला झाडू तसाच राहिला. ती आत्याजवळ जाऊन पायरीवर बसली आणि आत्यानं या खेपेला तिला लांब बस म्हणून सांगितलं नाही. गोळ्या सुरू होऊन आठवडा झाला होता.

"तुला काय होतंय का गं, आत्या?" प्रांजलनं विचारलं. तिचे डोळे वाहत होते.

"भ्या वाटतंय," शालनआत्या म्हणाली. "लई भ्या वाटतंय."

शेजारच्या घरात कुणीतरी भाकरी थापत होतं. मग आत्यानं डोळे पुसले, पदर खोचला आणि चपला पायात सरकवल्या.

"ऊठ. कागद-बिगद घेऊ नगंस, बायका कागद बघून बिचकतात. आधी हौसाकडं जाऊ. तू गप बसायचं. मीच सांगतो तिला, शालनला क्षय झालाय म्हणून."